काट्यांचं कुंपण आणि सात कुलपं

आदरणीय अध्यक्ष किशोरभाऊ, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, वरंधहून आणि आसपासच्या वाड्यांतून आलेले पालक, माझे सहकारी, आणि मघापासून सतरंजीवर चुळबुळ करणाऱ्या माझ्या मुलींनो, सर्वांना नमस्कार.

आत्ताच आपण माझं मानपत्र ऐकलंत. "सरिताबाई तेहतीस वर्षांत कधी कुणाला उलट बोलल्या नाहीत," असं त्यात आहे. अक्षर सुरेख आहे, चौकटही महागाची दिसते. पण अध्यक्ष महोदय, हे नक्की कुणाबद्दल लिहिलंत?

मी गणिताची बाई. तरी आज एका कादंबरीबद्दल बोलणार आहे. तिचं नाव सांगत नाही, नाहीतर उद्या ती आपल्या शाळेच्या कपाटातून गायब व्हायची! महाडला दहावीत असताना ती आम्हाला पूरक वाचनाला होती. गोष्ट एवढीच, की गावचा पुढारी पाणवठ्याच्या वाटेवर काट्यांचं कुंपण घालतो. एक विधवा बाई सकाळी ते उपसून टाकते. दुसऱ्या दिवशी ते परत हजर. दोनशे पानं हेच! शेवटच्या पानावरही कुंपण आहेच. मला त्या बाईचा भयंकर राग यायचा. परीक्षेत तिचं स्वभावचित्र रेखाटायला आलं, तर मी लिहिलं, "ही बाई हेकेखोर आहे. तिने दुसरी वाट धरायला हवी होती." आमच्या सुमेधाबाईंनी दहापैकी तीन गुण दिले आणि शेजारी लाल शाईने विचारलं, "दुसरी वाट आहे कुठे?" मला वाटलं, बाई उगाच चिडल्या.

नऊ वर्षांपूर्वी आठवीतली मानसी माझ्या तासाला चक्कर येऊन पडली. सकाळपासून पाणी प्यायली नाहीस का, म्हणून विचारलं. म्हणाली, "नाय बाई. पाणी प्यायलं की जावं लागतं. जायाचं कुठं? कुलूप हाय ना."

मुलींचं स्वच्छतागृह आपण बांधलं होतं, रंगवलं होतं आणि बंद ठेवलं होतं. तपासणीला साहेब आले की उघडायचं. एरवी मुली घाण करतात म्हणे! असं म्हणणारे काहीजण आज पहिल्या रांगेत बसले आहेत. बसा, बसा, नावं घेत नाही.

मी दगडाने कुलूप तोडलं. सोमवारी नवं आलं, तेही तोडलं. मग मला मेमो आला. तिसरं कुलूप लावताना शिपाई हैबतीमामा रडकुंडीला आले. "बाई, वरनं सांगतात लाव, मी काय करू?" त्या माणसाचा काय दोष? पण ते तिसरं कुलूप पाहिलं आणि मला ती कादंबरीतली बाई आठवली. रविवारी महाडच्या वाचनालयातून पुस्तक आणलं, एका बैठकीत वाचलं आणि रडले. राग आला तो स्वतःचा. ती हेकेखोर नव्हती हो. कुंपण रोज लागत होतं, म्हणून ती रोज जात होती. पंधराव्या वर्षी मला हे कंटाळवाणं वाटलं, कारण तोवर माझी वाट कुणी अडवलीच नव्हती.

सहाव्या कुलपानंतर संस्था दमली. आणि म्हणे मी उलट बोलले नाही! ते वाक्य खोडा, मगच मानपत्राला हात लावीन. पेन माझ्याकडे आहे.

आता शेवटचं. माझ्या निरोपाच्या पत्रिका वाटल्या, त्याच दिवशी त्या दाराला सातवं कुलूप लागलं. बाई जाणार, आता कोण विचारतंय! काल शाळा सुटल्यावर मी ते तोडलं आणि दासगावला घरी जाताना सावित्री नदीत टाकलं. दार आत्ता उघडं आहे, पाहुण्यांनी जरूर पाहून जावं.

उद्या आठवं येईल, मला ठाऊक आहे. उद्या मी नसेन. मुलींनो, तुम्ही असाल. आणि दगड कुठे मिळतात, हे घाटाखालच्या पोरींना मी काय सांगणार?

कामंधामं सोडून आलात, आपली मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनाने क्षमा करा. सात कुलपांची क्षमा मात्र मी मागत नाही.