प्रॉम्प्टरचा आवाज

पोलीस ठाण्याबाहेर अटकेतल्यांना भेटायला आलेल्यांची रांग होती. माझ्या पुढे कालच्या सभेनंतर पकडलेल्या एका विनोदी नटाची थोरली बहीण होती आणि त्याला विंगेतून ओळी पुरवणारा प्रॉम्प्टर.

"अहो भाऊ, सभेत नक्की झालं काय? मला टीव्हीवर नुसता गोंधळ दिसला!"

"काय सांगू, ताई! दवाखाना बंद करू नका म्हणून उभा राहिला, दोन वाक्यं बोलला आणि अडकला. चेहरा पांढराफटक!"

"तो? स्टेजवर तर त्याची जीभ थांबत नाही!"

"तिथे दुसऱ्याने लिहिलेलं असतं ना! लोक हसायला लागले. त्यांना वाटलं, गंमत करतोय."

"अगबाई! मग?"

"मग काय, सवय! नट अडकला की माझं तोंड उघडतंच. नाटकात तो मोडकी खुर्ची तोलून धरतो आणि म्हणतो ना..."

"'मालक, खुर्ची आम्ही धरलीय, म्हणून तुम्ही बसलात!'"

"तेच ओरडलो! त्याने उचललं, मग अख्ख्या मैदानाने! तेच म्हणत लोकांनी सभेला आलेल्या मंत्र्यांची गाडी अडवली. ताई, जन्मभर माझा आवाज मी पहिल्या रांगेलाही ऐकू जाऊ दिला नाही हो!"

"हळू बोला! ती घोषणा पहिल्यांदा कोणी दिली, ते शोधताहेत."

तेवढ्यात हवालदार बाहेर आला. "सापडला. तुमचा नट म्हणतोय, ती ओळ त्यालाच सुचली."

"खोटं बोलतोय, साहेब!" प्रॉम्प्टर रांग सोडून पुढे झाला. "त्याला एक अक्षर आठवत नव्हतं. ओळ मी दिली!"