मोबाइलचा विटाळ

हसू नका, पण त्या मोबाइलच्या कटकटीतून सुटायला मला सोवळं नेसावं लागलं. मोबाइल नवे नवे आले होते तेव्हाची गोष्ट. ऑफिसनं मला एक दिला आणि आमचे तेलुगू राव साहेब सकाळी उठल्यापासून तो वाजवायला लागले. पूजा करताना माझा हात देवावर आणि कान फोनवर! एकदा तर गणपतीला लावायचं गंध मोबाइललाच लावलं. तेव्हाच ठरवलं, बस्स झालं. नोकरी गेली तरी बेहत्तर, पूजा संपेपर्यंत त्याला शिवायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सोवळं नेसून बसलो आणि फोन वाजला. मी जागचा हललो नाही. वाजून वाजून शेवटी बायकोनं उचलला. साहेबांचा आवाज देवघरापर्यंत येत होता, "उनकू फोन देव! अर्जंट है!"

ही शांतपणे म्हणाली, "नै दे सकती साब. वो मडी में हैं." मडी म्हणजे तेलुगू लोकांचं सोवळं.

पलीकडचा आवाज एकदम नरमला, "अय्यो, मडी में? फिर छूने नक्को देव."

पुढच्याच आठवड्यात भर दुपारी मी सही घ्यायला साहेबांच्या केबिनपाशी गेलो. दार बंद. काचेतून बघतो तर टायसकट साहेब डोळे मिटून बसलेले, आणि त्यांचा मोबाइल बाहेर शिपायाच्या स्टुलावर कोकलतोय. सवयीनं मी हात पुढे केला, तसा शिपाई धावत आला.

"हात नक्को लगाव! साब मडी में हैं!"