तांब्याच्या पंपाचा दिवा

नाव : लीथ नॉस्के. वय : ७३ वर्षे. धंदा : निवृत्त इलेक्ट्रिशियन. राहणार : टॅलून बेंड, मरे नदीकाठ, दक्षिण ऑस्ट्रेलिया.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मी वरील ठिकाणी एकटा राहतो. गावातले निवृत्त लोक जमून दुरुस्तीची कामे करतात त्या शेडमध्ये मी बारा वर्षांपासून विजेच्या वस्तू तपासतो. तपासून झाले की वायरीला तारखेचा टॅग बांधतो. टॅगशिवाय वस्तू शेडबाहेर जाऊ द्यायची नाही, हा नियम माझाच. "आतलं तुम्हाला कळायचं नाही. टॅग बघा आणि निवांत राहा," असे मी सगळ्यांना बजावत आलो आहे.

क्लेम हार्टविग, वय ७५, हा माझा चाळीस वर्षांचा मित्र. त्याची बायको रोमा हिला अलीकडे कमी दिसत असे. तिच्या वाढदिवसासाठी त्याने तिच्या वडिलांच्या द्राक्षबागेतल्या तांब्याच्या फवारणी पंपाचा दिवा केला. गुरुवार ता. ७ रोजी सकाळी शेडमध्ये मी त्याला शेजारी बसवून वायरिंग केले.

"तीन तारा कशाला रे? दिवा लावायचाय, नदीतली बोट नाही ओढायची," तो म्हणाला.

"अंग धातूचं आहे, शहाण्या. ही हिरवी-पिवळी तार अंगाला जोडायची. आत काही सुटलं तर फ्यूज जाईल, माणूस नाही. गप तांबं घास."

त्याने तांबे घासून लख्ख केले. तिथे मी अर्थिंगची तार वॉशर घालून आवळली, वायर धारेवर कापली जाऊ नये म्हणून ती आत जाते त्या भोकात रबरी कडे बसवले, मीटर लावून तपासले आणि टॅग बांधला. चहाच्या वेळी दिवा टेबलावर पेटवला तेव्हा क्लेमने आनंदाच्या भरात माझा केकही खाल्ला.

शनिवार ता. ९ रोजी सकाळी १०.४० वाजता त्याचा फोन आला. "लीथ, रोमा दिवा सोडत नाहीये." मी "मेन बंद कर" असे ओरडून सांगितले. त्याला ते जमले नाही. मी चार मिनिटांत पोचलो आणि मेन स्वतः बंद केला. रोमा स्टीलच्या सिंकपाशी पडली होती, हात ओले होते. अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत मी तिची छाती दाबत होतो. ११.०५ ला त्या लोकांनी मला बाजूला व्हायला सांगितले.

दिव्याला मी हात लावला नाही. वायर माझी नव्हती. जुनी, चपटी, दोनच तारांची होती, हिरवी-पिवळी तीत नव्हतीच. भोकात रबरी कडे नव्हते आणि तांब्याच्या धारेवर वायर सोलली गेली होती. माझा टॅग मात्र तिच्यावर मासे धरायच्या गळाच्या दोऱ्याने नीट बांधलेला होता.

दवाखान्यात क्लेम म्हणाला, "तुझी वायर सिंकवरच्या खिडकीपर्यंत पुरेना, म्हणून जुन्या रेडिओची घातली. पण टॅग होता ना रे! मीच जपून काढून परत बांधला. मग झालं कसं?"

मी त्याचा हात धरून बसलो. मला त्याचा राग येत नाही, आला असता तर बरे झाले असते.

विचारल्यावरून सांगतो की, वायरिंग माझ्याच हातून चुकले असे लिहून द्यायचे ठरवून मी इथे ठाण्यात आलो होतो. परंतु माझी मूळ वायर प्लगसकट क्लेमच्या गॅरेजमध्ये सापडल्याचे मला दाखवण्यात आले. त्यानंतर मी वरीलप्रमाणे खरे सांगितले.

हा जबाब क्लेमच्या हाती पडू नये, अशी मी विनंती केली. मयत रोमाचा पती म्हणून प्रत त्यालाच द्यावी लागते, असे मला सांगण्यात आले.

जबाब मला दोनदा वाचून दाखवला. दुसऱ्यांदा मीच वाचायला सांगितला, वायरीच्या मजकुरात कुठे चूक निघते का ते बघायला. निघाली नाही. सही केली आहे.