शर्यतीची फटफटी

नाही, हात लावू नकोस. लांबून बघ. सायकल येते म्हणतोस? सायकल तर बरकतपुऱ्यातल्या दूधवाल्यालाही येते, श्रीनिवास, म्हणून त्याला कुणी शर्यतीच्या फटफटीवर बसवत नाही. सिकंदराबादच्या छावणीतला गोरा साहेब हिच्यावर शर्यती मारायचा. विलायतेला जाताना मास्तरांच्या गळ्यात बांधून गेला — शाळामास्तराच्या गळ्यात! मूठ जरा पिळली की ही आधी निघते, बसणारा मागून येतो. शिकाऊ माणसाला बारकी गाडी द्यावी, पडली तर एकट्याला उचलता येईल अशी. पण नक्को — तुमच्या समितीला थाट पाहिजे. संस्थान हिंदुस्थानात आल्याला आज वर्ष झालं, तर मिरवणुकीच्या पुढं फटफटी, फटफटीवर तू, तुझ्या मागं हार घातलेले आमचे भगवंतराव मास्तर, एका हातात काठी, एका हातात झेंडा. मग धरायचं कशाला? तुझ्या शेंडीला?

हसू नकोस. आता सगळेच शिकाऊ आणि सगळ्यांनाच मोठी गाडी पाहिजे. तो हिम्मतराव बघ — परवापर्यंत निजामाच्या सालगिरेला अत्तर वाटत फिरायचा, आता खादी घालून तुमचा अध्यक्ष. ब्रेक कुठं आहे ते कुणी विचारत नाही. मी विचारते, म्हणून मी खडूस. मला कुणी शाळेत घातलं नाही बाबा — चाळिशीत साखरेच्या पुड्यांचे कागद वाचत अक्षरं लावली, मराठी लावली, उर्दू लावली, ह्या गाडीचं पुस्तकसुद्धा चित्रं बघून लावलं. क्लच कुठला, ब्रेक कुठला, मास्तरांच्या आधी मला पाठ. म्हणून तर बोलले ना त्यांना — बाईमाणसाला अक्षर येतं आणि तुम्हाला दारातली गाडी येत नाही? झाकून ठेवायला ती काय लोणच्याची बरणी आहे? — बोलले. बोलायला नको होतं. दुसऱ्या दिवशी बसलेच की!

कधी म्हणजे? पंधरा ऑगस्ट, सत्तेचाळीस. तिकडं पोरं निजामाची बंदी मोडून तिरंगा लावायला निघालेली, इकडं हे फटफटीवर. शिकवायला नामपल्लीचा यादगिरी मिस्त्री. एरवी मोठा अदबीचा, 'आगंडी सार' म्हणायचा — थांबा, साहेब. पण गाडी सुटली आणि घाईत बिचाऱ्याची अदब गळाली — 'आगू! आगू!' ओरडत मागं पळतोय. तेलुगूत आगू म्हणजे थांब. मास्तरांना तेलुगूचा गंध नाही, त्यांना ऐकू आलं — आगे! आगे! आज्ञाधारक माणूस. पिळली मूठ. थेट नाल्यात! मान ठेवून आगंडी म्हणाला असता तर पाय वाचला असता, बघ.

काय? मास्तरांचा पाय पोलिसांच्या लाठीनं मोडला ना, म्हणतोस? — हौ, लाठी. म्हणजे... लाठ्या खाल्लेली पोरं दवाखान्यात मास्तरांच्याच खोलीत होती. गेल्या साली तुमच्या समितीनं त्या खोलीची यादी काढली — बारा खाटा, बारा वीर! कुणाची जखम कशाची, कोण विचारतंय? हे नाही म्हणाले नाहीत. मीही नाही. खरं सांगू? मला बरंच वाटलं. पाय माझ्या जिभेनं मोडला, हे तरी आता कुणी म्हणणार नव्हतं.

अगं बाई. काय बोलून बसले मी. श्रीनिवास, हे तू ऐकलं नाहीस. मी म्हातारी, बडबडते, आणि मास्तर आत फेटा बांधताहेत, त्यांना —

अहो! दारात कधीपासून उभे आहात? मी ह्याला सांगत होते, लाठी कशी बसली ते. विचारा त्याला. बोल ना रे, लाठीच म्हणाले ना मी? ...फेटा का सोडताय? सकाळपासून तीनदा बांधलात तो. ठेवा डोक्यावर. कुठं निघालात — सभेला? बोडक्या डोक्यानं? खरं सांगायला? त्या हिम्मतरावासमोर? अहो, तो हसेल, सगळा नारायणगुडा हसेल! दोन वर्षं झाली, कुणाचं काही बिघडलं नाही... आगू! मास्तर, आगू म्हणते ना मी! आता तरी अर्थ कळतो ना तुम्हाला!

...

तू काय बघतोस? ऊठ. पायरी मोठी आहे, हात दे त्यांना. आणि जा त्यांच्याबरोबर. पायी.