वेलीचा सौदा

सायली : चाचा, तुमच्या त्या वेलीची एक काडी तेवढी द्या, जुनी वाळकी असली तरी चालेल. विद्यापीठात तपासते आणि परत आणून देते.

शफीक : नाय म्हंजी नाय. ती वेल अशी द्यायची नसती.

सायली : मग विकत द्या.

शफीक : आधी सौदा व्हावा लागतो, पोरी. दरसाल होळीला तुझा आजा पुंजाराम म्हणायचा, गाय देतो. मी म्हणायचो, नाय. वर कालवड? नाय! समदं गाव हसायचं. शेवटी वेल घ्यायचा, गाय सोडायचाच नाय, आन् मला ढेकळं मारत वेशीपर्यंत पिटाळायचा.

मेहरुन्निसा : आन् रातच्याला गरम विटेनं ह्यांची पाठ मी शेकायची.

सायली : अहो चाची, ह्या सौद्यासाठीच तर शहरातल्या पुंडलिकनगरहून सुट्टी टाकून आले. जुन्या यज्ञात सोम नावाची वनस्पती पिळायचे. ती कोणती, यावर विद्वान अजून भांडतायत. पण पोथीत काय आहे? सोम विकणाऱ्याशी घासाघीस करायची, गाय दाखवायची आणि शेवटी त्याला ढेकळं मारून हाकलायचं!

शफीक : या अल्ला! म्हंजी हजारो वर्सं आमीच मार खातोय?

मेहरुन्निसा : और शौक से खाते आये!

सायली : तुमची वेल बिनपानांची, तोडली की दूध गळतं. तीच ही, असं छातीठोक नाही म्हणत मी. पण सौदा टिकलाय, तर वेलही टिकली असेल ना? आणि नेमकी यंदा तुम्ही आणलीच नाहीत म्हणे.

शफीक : कोण म्हंतं? परसात हाय, ओल्या फडक्यात.

सायली : मग आमच्या दारात का नाही आलात? संध्याकाळी होळी पेटेल.

शफीक : कुणापुढं येऊ? पुंजाराम तर गेला. तुझा बाप कृष्णा म्हंतो, चाचा, तुमच्यावर ढेकूळ कसं उचलू? बसा, चहा घ्या. मला काय चहा पायजे व्हता व्हय?

मेहरुन्निसा : कालधरनं नीट जेवले नाय. मार खायाला तरसलेत.

सायली : असं होय! चला, आणा ती वेल. गाय देते.

शफीक : फ्लॅटमधी गाय बांधली का?

सायली : आजोबांची कपिला आहे की गोठ्यात.

शफीक : म्हातारी झाली ती. नाय जमत.

सायली : वर कालवड.

शफीक : नाय!

सायली : वर तुमच्या डोक्यावरची टोपी राहू देते. नाहीतर तीही नेईन.

शफीक : हां! आता कशी पुंजारामाची नात बोलली! घे, घे वेल.

(सायली वेल पदरात घेते, अंगणातलं ढेकूळ उचलते आणि तशीच उभी राहते.)

शफीक : बघती काय? मार की.

सायली : लागेल हो, चाचा.

शफीक : लई वर्सं लागतंय. यंदाच नाय लागलं, तर करमंना गेलंय.

मेहरुन्निसा : मार बेटी. वीट मी सकाळीच चुलीत घातलीय.