वाळवीची पिल्लं

शेगाव स्टेशनवर गाडीची वाट पाहत बसलेल्या झुंबरबाईच्या कानावर शेजारच्या बापलेकीचं बोलणं पडलं.

"बा, मास्तर सांगे, वाळवीची पिल्लं जन्मतात तवा सारखीच असतात. मंग वारुळाच्या गरजेनं कोणी राबते, कोणी लढते, कोणाले पंख फुटतात."

"बरं, मंग?"

"राबणारीले पंख काऊन नाही?"

"सारेच उडाले, तर पिल्लांले कोण भरवीन? तुही माय गेली. घरी तीन लेकरं हायेत."

"म्हणून माही शाळा सोडवली? अन् दादाले शिकाले नागपूरले धाडून राह्यला?"

"हाव."

नागपूरची गाडी आली; झुंबरबाईची अजून यायची होती. बापामागं उभा असलेला दादा चढला. पोरीनं त्याचं गाठोडं खिडकीतून आत दिलं.

झुंबरबाईनं विचारलं, "पोरी, नाव काय तुहं?"

पोरीच्या आधी बापच बोलला, "हीच आता लेकरांची माय हाय."