पहिली ओळ

त्या खुर्चीवर नको, रोवेनाताई, तिचा पाय त्यांनी मोडलाय — इथे बसा, पंख्याखाली. चपला राहू द्या पायात, काचा अजून सापडतात. हॉस्पिटलात यायला हवं होतं मी, कळतं मला. सॅन्टन माझा माणूस, या टेबलावर दोन वर्षं बसला, आणि मी चार दिवसांत वॉर्डात पाय टाकला नाही. पण रक्त बघवत नाही हो मला — खोटं कशाला बोलू. शिवाय मागे ब्लॉग आहे. आठ जण लिहितात, आणि त्यांना सांभाळणारा मी एकटा जितेश.

आठ जणांच्या आठ तऱ्हा, ताई. अर्नाळ्याची संजना बोटी लागल्या की फोन उचलत नाही, दिपिका दोन हजार शब्दांच्या आत थांबत नाही. आणि तुमचा भाऊ सॅन्टन — वटारचं बावखल, एवढं गावाचं जुनं तळं, त्या केनीने डेब्रिज टाकून बुजवलं, गावाचं पाणी गेलं, तर याने लिहिलं काय? सर्व्हे नंबर, ट्रकचे नंबर, अर्ज कुठे कुठे दिले. सगळं बरोबर, पण वाचणार कोण? एकदा असाच लेख वाचून मी माऊस फेकला होता, त्याच्या कानाजवळून गेला — लागला नाही हो, हसला तो. म्हणून माझी पद्धत, प्रत्येकाच्या लेखाची पहिली ओळ मी लिहायची. पोस्ट करायच्या आधी, न विचारता. वर नाव लेखकाचंच. आजवर कुणी कुरकुरलं नाही. उलट शाबासकी त्यांनाच मिळते.

काय होती ओळ? वाचली नाहीत तुम्ही? — ‘ज्या केनीने जन्मदात्या बापाला उपाशी ठेवून मारला, तो गावाचं पाणी कशाला ठेवेल.’ गावात सगळे बोलतात ना, ताई? मी फक्त लिहिलं. म्हणजे — लिहिलं गेलं. दुपारपर्यंत अख्ख्या वसईच्या फोनवर होती.

दुसऱ्या दिवशी तिघं आले, भर दुपारी, खाली माणिकपूरचे रिक्षावाले बघत उभे. पुढे केनीचा मुलगा. बावखलाचं नावही काढलं नाही त्याने. ‘आजोबांवर कोणी लिहिलं?’ एवढंच. आणि मॉनिटर उचलून काचेवर घातला. सॅन्टन म्हणाला, लेख माझा आहे, ती ओळ माझी नाही. दोनदा म्हणाला. मग माझ्याकडे बघितलं — नुसतं बघितलं, बोट नाही दाखवलं. आणि मी काय म्हणालो? म्हणालो, नाव वाचा ना, वर नाव कोणाचं आहे ते. बस. खोटं होतं का ते? त्याला केसाला धरून दारापर्यंत फरफटत नेला, उजवा हात उंबऱ्यावर दाबून धरला आणि शटर खेचलं. परत वर केलं. परत खेचलं. आवाज ओली फांदी मोडावी तसा. तो ओरडत होता, आणि तिसऱ्यांदा खेचलं तेव्हा मी टेबलाखाली होतो — मला फक्त पाय दिसत होते, ताई, माणसं दिसतच नव्हती.

रडू नका. नाही, तुम्ही रडत नाही आहात. बरं. पोलीस जबाब घ्यायला आले होते ना वॉर्डात? मी एवढ्यासाठी विचारतो, की टीम माझी आहे, सगळ्यांनी एकच सांगायला हवं. मग काय सांगितलं त्याने?

‘ती ओळ माझीच,’ असं सांगितलं?

आणि जबाबाखाली डाव्या हाताचा अंगठा पण दिला? का पण? त्याने लिहिलीच नाही, त्याला माहितीय कोणी — काय म्हणाला? ‘माझा हात गेलाच आहे, आता जितेशचा कशाला.’ नाव घेऊन म्हणाला? माझं?

निघा तुम्ही, ताई. माझ्याकडे तसं बघू नका. निघा म्हणतो ना.